मिठात मुरलेले जीव

मे महिना लागला की बेळगाव-निपाणी पट्ट्यात खड्याच्या मिठाला मागणी येते. कैऱ्या फोडायच्या असतात, मिरच्या भरून वाळवायच्या असतात, पावसाळ्यासाठी खारा बांगडा घेऊन ठेवायचा असतो. या सगळ्या बेगमीमागे एकच भरवसा: मिठापुढे जंतूंचे काही चालत नाही. भरवसा बराचसा खरा आहे. पण ज्या खड्याच्या जोरावर आपण जंतू दूर ठेवतो, त्याच खड्याच्या पोटात अडकलेल्या खाऱ्या पाण्याच्या थेंबात जिवंत पेशी असू शकतात. त्यांच्यातल्या काही अशा, की मीठ काढून घेतले तर मरतील.

घाटमाथ्यावर मीठ पिकत नाही, ते नेहमी खालूनच आले. वंजाऱ्यांचे तांडे रामघाटासारख्या वाटांनी धान्य खाली नेत आणि परतताना बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या आणत. पुढे बेळगावात इंग्रजांची छावणी वसली आणि आंबोलीच्या घाटातून वेंगुर्ला बंदराशी दळणवळण वाढले. गोव्याच्या मिठामुळे आपला मिठाचा महसूल बुडू नये म्हणून इंग्रजांनी १८७८ मध्ये पोर्तुगिजांशी करार केला आणि तिथल्या मीठ उत्पादनावर ताबा मिळवला. तो करार १८९२ मध्ये संपला. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. आज देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ एकट्या गुजरातेत तयार होते. तरी या भागाची जुनी ओळख गोव्याच्या आगरांशी, शिरोड्याशी आणि गोकर्णाजवळच्या साणीकट्ट्याशी. मिठातल्या जिवांचा शोध घ्यायचा तर तिथेच उतरावे लागते.

गोव्यात रायबंदर, नेरूल, पेडण्यातला आगरवाडा इथे अजून मिठागरे चालतात. भरतीचे पाणी बांधाच्या तोंडातून आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडतात आणि उन्हावर आटवतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटू लागले की आधी चुन्याचा अंश तळाला बसतो, मग जिप्सम. मूळ पाण्याचा दहावा हिस्सा उरला की खाण्याचे मीठ धरू लागते. त्या वेळी लिटरमागे ३०० ग्रॅमहून अधिक क्षार असतात. अशा पाण्यात मासा नाही, शेवाळाचे तंतू नाहीत, डासाची अळी नाही. आणि तरीही जगभरातल्या मिठागरांतले हे शेवटच्या टप्प्याचे पाणी गुलाबी, तांबूस, कधी विटकरी दिसते. तो रंग जिवंत आहे. अशा तांबड्या पाण्याच्या एका मिलीलीटरमध्ये एक ते दहा कोटी पेशी भरतात. रंगीत पाणी ऊन जास्त शोषते, लवकर तापते, लवकर आटते. म्हणजे मीठ पिकवण्यात या पेशींचाही हात असतो.

एवढ्या मिठात पेशीला नेमकी अडचण कसली? कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की तासाभरात पातेल्यात पाणी सुटते आणि फोडी सुरकुततात. पेशीचेही तसेच होते. तिच्याभोवतीचे आवरण पाणी सहज जाऊ देते, मीठ सहज जाऊ देत नाही. बाहेर मीठ जास्त आणि आत कमी असेल तर आतले पाणी बाहेर पडते, पेशी आक्रसते आणि तिचे कामकाज थांबते. यावर उपाय एकच. आतला द्रावही बाहेरच्या इतकाच दाट ठेवायचा. तो कशाने दाट करायचा, यावरून खाऱ्या पाण्यातल्या एकपेशीय जिवांच्या दोन वाटा पडल्या, आणि त्या दोन्ही वाटांचे प्रवासी एकाच वाफ्यात शेजारी राहतात.

पहिली वाट धाडसाची. बाहेर क्षार आहेत ना, मग आतही क्षारच भरायचे. हॅलोबॅक्टेरियम आणि त्याची भावकी सोडियम सतत बाहेर काढते आणि पोटॅशियम आत खेचते. इतके, की पेशीच्या आत पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण तयार होते. नावात बॅक्टेरियम असले तरी हे जिवाणू नव्हेत. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी जिवाणूंहून वेगळ्या अशा एका मोठ्या जीवसमूहाची ओळख पटवली. त्याला आर्किया म्हणतात. मिठागरातले हे तांबडे जीव त्याच समूहातले.

पण इतके क्षार आत भरून घेतले की दुसरे संकट उभे राहते. तुमच्याआमच्या शरीरातली प्रथिने तीव्र खाऱ्या द्रावणात टाकली की एकमेकांना चिकटून त्यांचा साका खाली बसतो. प्रयोगशाळेत प्रथिने वेगळी काढायला हीच युक्ती वापरतात. मीठ पाण्याचे रेणू आपल्याकडे ओढून घेते आणि प्रथिन कोरडे पडते. हॅलोबॅक्टेरियमची प्रथिने म्हणूनच वेगळ्या घडणीची आहेत. ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक या दोन आम्लांचे घटक त्यांच्यात भरपूर असतात आणि त्यांच्यामुळे प्रथिनाच्या अंगभर ऋण विद्युतभार पसरलेला असतो. तो भार पाणी आणि पोटॅशियम धरून ठेवतो. भोवती कितीही क्षार असोत, प्रथिन विरघळलेले राहते, आपला आकार सांभाळते आणि काम करते.

या रचनेची किंमत सूक्ष्मदर्शकाखाली समोरच दिसते. तांबड्या पाण्याचा एक थेंब काचेवर घ्यावा. दंडगोल पेशी त्यात हलताना दिसतात. आता काचेच्या कडेने साधे, गोडे पाणी हळूहळू सोडले की दंडगोल पेशी फुगून गोल होऊ लागतात आणि मग एकेक करून फुटतात. समुद्राच्या पाण्याइतका खारेपणाही त्यांना पुरत नाही. क्षार कमी झाले की प्रथिनांवरचे ऋण भार एकमेकांना दूर ढकलतात, घडी उलगडते आणि आवरणालाही आधार राहत नाही. जे मीठ इतरांना मारते, त्याच्यावाचून यांचा देह उभाच राहत नाही. जीवसृष्टीत एखाद्या परिस्थितीला इतके पूर्ण वाहून घेतल्याची उदाहरणे फार थोडी असतील.

दुसरी वाट सबुरीची आहे, आणि तिचे सगळ्यात देखणे उदाहरण म्हणजे ड्युनालिएला हे हिरवे शैवाल. फ्रान्समध्ये मॉन्टपेलिएजवळच्या मिठागरात मिशेल फेलिक्स ड्युनाल यांनी १८३८ मध्ये ते पाहिले. त्यांचेच नाव पुढे त्याला मिळाले. दोन शेपट्या हलवत पोहणारी एकुलती एक पेशी, इतर शैवालांसारखी कडक भिंत तिला नाही. ही पेशी क्षार आत घेत नाही. ती स्वतः ग्लिसरीन तयार करते आणि त्यानेच आतला द्राव दाट करते. १९७०च्या दशकात इस्राएलच्या वाइझमन संस्थेत अमी बेन-अमोत्झ आणि मोर्देखाय ॲव्हरॉन यांनी हे बारकाईने तपासले. बाहेरचा खारेपणा वाढला की पेशी आतले ग्लिसरीन वाढवते. तो उतरला की जास्तीचे ग्लिसरीन पुन्हा पिष्टाच्या रूपात साठवून ठेवते. ग्लिसरीन प्रथिनांच्या कामात ढवळाढवळ करत नाही, त्यामुळे प्रथिने बदलण्याची गरज पडत नाही. कडक ऊन आणि तीव्र मीठ अशा दुहेरी तडाख्यात ड्युनालिएला बीटा-कॅरोटीन इतके साठवते की हिरवी पेशी नारिंगी दिसू लागते. गाजराला रंग देणारा, आणि ज्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते, तोच हा पदार्थ. ऑस्ट्रेलियात त्यासाठी या शैवालाची तळीच्या तळी पिकवतात.

खारेपणाशी असेच जुळवून घेणारे कितीतरी जिवाणूही आहेत. कुणी ग्लायसीन बीटेन वापरतो, कुणी एक्टोइन. हे एक्टोइन १९८५ मध्ये इजिप्तच्या वादी नत्रूनमधल्या खाऱ्या तळ्यातल्या जिवाणूत सापडले. ते प्रथिनांना कोरडेपणापासून जपते, म्हणून आज त्वचेच्या मलमांत, डोळ्यांच्या थेंबांत आणि नाकाच्या फवाऱ्यात ते घालतात. ते मिळवायची रीत तर विलक्षण आहे. हॅलोमोनास नावाचे जिवाणू आधी खूप खाऱ्या पाण्यात वाढवतात, तिथे ते एक्टोइनने भरून जातात. मग त्यांना एकदम कमी मिठाच्या पाण्यात टाकतात. आत पाण्याचा लोंढा येतो, आणि फुटून जाऊ नये म्हणून जिवाणू आवरणातल्या झडपा उघडून एक्टोइन बाहेर सोडतात. ते गोळा केले की जिवाणू पुन्हा खाऱ्या पाण्यात. उद्योगात याला दूध काढणे असेच म्हणतात.

पोटॅशियम आत ओढणे स्वस्त पडते. ग्लिसरीन किंवा एक्टोइन घडवायला पेशीला कितीतरी पट जास्त ऊर्जा मोजावी लागते. मग सगळ्यांनी पहिलीच वाट का धरली नाही? याचे उत्तर आपल्याकडे जूनमध्ये मिळते. मृगाचा पाऊस कोसळला की मिठागराचे वाफे गोड्या पाण्याने भरतात, आणि लिटरला ३०० ग्रॅमचा खारेपणा बघता बघता समुद्राहूनही खाली येतो. गोव्यात पावसाळ्यात अशा वाफ्यांत मासेही धरतात. ग्लिसरीनवाल्या शैवालाला हा बदल पेलतो, ते आतला द्राव पातळ करते आणि जगत राहते. पोटॅशियमवाल्यांना तो पेलत नाही. स्वस्तातला संसार एकाच जागेला बांधलेला असतो. पण त्यांचाही वंश बुडत नाही. मीठ धरताना प्रत्येक खड्यात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब कोंडले जातात आणि त्या थेंबांत या पेशी अडकतात. अशा बंदिवासात त्या दीर्घकाळ जिवंत राहू शकतात. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी २५ कोटी वर्षांपूर्वीच्या मिठाच्या स्फटिकातून जिवाणू जिवंत वाढवल्याचा दावा केला. तो अजूनही वादात आहे. महिने-वर्षांचा टिकाव मात्र वादातीत आहे, आणि खड्याच्या मिठाच्या पोत्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

मीठ सांभाळणे हा या जिवांचा एकच उद्योग नव्हे. तीव्र खाऱ्या पाण्यात प्राणवायू फार कमी विरघळतो. उघड्या वाफ्यावर सूर्य तर दिवसभर आग ओकत असतो. पहिली उणीव दुसऱ्या सुबत्तेने भरून काढण्याची तजवीज हॅलोबॅक्टेरियमने केली आहे. प्राणवायू कमी पडला की त्याच्या आवरणावर जांभळे पट्टे उमटतात. १९७१ मध्ये डिटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी दाखवले की या पट्ट्यांतल्या प्रथिनात रेटिनल आहे. हा रेणू आपल्या डोळ्यांच्या पडद्यातही असतो, त्याच्याच आधाराने आपल्याला दिसते. मिठागरातली पेशी त्याच्या मदतीने उजेड टिपते आणि प्रोटॉन बाहेर फेकते. ते प्रोटॉन परत आत येताना पेशीसाठी ऊर्जा तयार होते. हरितद्रव्य नाही, पाने नाहीत, तरी उन्हावर पोट भरायची सोय झाली. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन असे या प्रथिनाचे नाव. केंब्रिजमध्ये रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अनविन यांनी १९७५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याची त्रिमिती रचना उलगडली. आवरणात रुतलेल्या प्रथिनाचे असे रूप तोवर कुणी पाहिले नव्हते. हेंडरसन त्याच वाटेने पुढे गेले आणि २०१७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले.

उन्हाची झळ लागू नये म्हणून या पेशींत बॅक्टेरिओरुबेरिन नावाचे तांबडे रंगद्रव्यही असते. मिठागराचा तांबूस रंग मुख्यतः त्याचाच. काही जाती आत वायूच्या पोकळ्या धरतात आणि पृष्ठभागाकडे तरंगत येतात. एक जात तर चक्क चौकोनी आहे. अँथनी वॉल्सबी यांनी सिनाईच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या डबक्यात पाहिलेल्या या पेशीची नोंद १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. टपाल तिकिटासारखी सपाट पेशी तोवर कुणाच्या माहितीत नव्हती. ती प्रयोगशाळेत वाढवायला मात्र २००४ साल उजाडले. आतला आणि बाहेरचा दाब सारखाच असल्याने तिला फुगून गोल व्हावे लागत नाही.

गोवा विद्यापीठात तिथल्या मिठागरांतल्या या आर्कियांवर अनेक वर्षे काम चालले आहे. बिट्स पिलानीच्या गोवा केंद्रातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हॅलोकॉकस या मीठप्रेमी जातीकडून चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार करून घेतल्याचे प्रसिद्ध केले. पण महाराष्ट्राने हे जीव खऱ्या अर्थाने पाहिले ते जून २०२० मध्ये, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात. उल्केच्या आघाताने काळ्या कातळात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर. त्यातले पाणी खारेही आणि अल्कधर्मीही, सामू साडेदहाच्या आसपास. उन्हाळ्यात पाणी आटले, खारेपणा चढला आणि हिरवट सरोवर काही दिवसांत गुलाबी झाले. लोकांनी नाना तर्क केले. वन विभागाने नमुने पाठवले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून हा रंग मीठप्रेमी आर्कियांचा असल्याचे सांगितले. पुढे पेशी तळाशी बसल्या आणि रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

सीमाभागात या पेशींची गाठ पडते ती अशा देखण्या रूपात नव्हे. अथणी, निपाणी, चिकोडी, रायबाग हा कोल्हापुरी चपलेचा मुलूख. या चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत आणि बेळगाव त्यांपैकी एक. कातडे कमावायला नेईपर्यंत नासू नये म्हणून कच्च्या कातड्याला मीठ लावायची रीत सगळीकडे आहे. समुद्राचे खडे मीठ लावलेले कातडे उष्ण, दमट जागी पडून राहिले तर त्यावर तांबडे डाग उमटू शकतात. ही मिठातून आलेली आर्किया. ती प्रथिने पचवते, म्हणजे कातड्याचा पृष्ठभागच कुरतडते. एका खेपेला वापरलेले मीठ पुन्हा दुसऱ्या कातड्याला लावू नये, हा नियम त्यामुळेच. खारवलेला मासा लाल पडतो त्यामागेही हेच जीव आहेत. कॅनडात खारवलेल्या कॉड माशावरच्या अशा तांबडेपणाचा अभ्यास हॅरिसन आणि केनेडी यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि आज हॅलोबॅक्टेरियम सॅलिनेरम म्हणून ओळखली जाणारी जात त्यातूनच पुढे आली.

या तांबड्या पेशींमुळे माणसाला रोग होतो असे दिसलेले नाही. मात्र मीठ लावले म्हणजे निर्धास्त, असे कुणी समजू नये. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा आपल्या नाकात आणि कातडीवर वावरणारा जिवाणू १५ टक्क्यांच्या आसपास मीठही सहन करतो. घामाने खारट झालेल्या कातडीवर राहणाऱ्याला ते जमायलाच हवे. अन्नात वाढून तो विष सोडतो, आणि ते विष उकळल्यानेही सहजी जात नाही. लोणच्याच्या बरणीत ओला हात घालू नये, हे घरातल्या मोठ्यांचे सांगणे अगदी बरोबर आहे.

मिठाचा आणखी एक प्रश्न या भागाच्या थेट पोटाशी येऊन भिडला आहे. शिरोळपासून चिकोडी, रायबाग, अथणीपर्यंत कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षे पाटपाणी दिले गेले. भारी जमिनीतून पाण्याचा निचरा झाला नाही, भूजल वर आले, आणि उन्हाने पाणी उडून गेल्यावर क्षार मातीच्या पृष्ठभागावर राहिले. वरंब्यांवर पांढरा फटक थर दिसतो, बियाणे उगवत नाही, उगवले तर पान करपते. मातीतले नेहमीचे जिवाणू अशा ठिकाणी मंदावतात. टिकतात ते ग्लायसीन बीटेन, प्रोलीन, एक्टोइन घडवू शकणारे. म्हणजे ड्युनालिएलाने ग्लिसरीनने साधले ते हे आपापल्या रसायनांनी साधतात. यांतले काही मुळांभोवती राहून पिकाला खारेपणा सोसायला मदत करतात. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्राने अशा जिवाणूंची संवर्धके शेतकऱ्यांसाठी तयारही केली आहेत.

पण जिवाणू क्षार सोसतात, जमिनीतून काढून नेत नाहीत. ते काम पाण्यालाच करावे लागते. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने तिथल्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारे पाणी नाल्यात काढायला सुरुवात केली, आणि पडीक पडलेल्या रानांत पुन्हा पीक उभे राहिले. पाइप टाकल्यावर वरून गोडे पाणी देऊन क्षार खाली धुवावे लागतात, मग धैंचासारखे हिरवळीचे खत गाडायचे आणि त्यानंतर ऊस लावायचा. मातीत जिवाणू सोडायचे तेही याच वेळी, निचरा सुरू झाल्यावर. साचलेल्या पाण्यात मुळांनाच श्वास घेता येत नाही, तिथे जिवाणूंनी मदत करायची तरी कुणाला?